नेवारी भाषेची 'ज्ञानेश्वरी' कोणती? जुन्या पोथ्यांबद्दल माहिती हवी आहे

घाटपायथा

नमस्कार मंडळी. कामानिमित्त सध्या नेपाळात आहे, पाटणमध्ये भाड्याने राहतो. घरमालक नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजातले. परवा त्यांनी घरातली एक जुनी पोथी बाहेर आणून दाखवली. सुटी पानं नाहीत, लांबच लांब कागदाच्या घड्या घातलेल्या. एका बाजूने वाचत जायचं, संपलं की उलटून दुसऱ्या बाजूने. लिपी देवनागरीच्या जवळची वाटते, पण चार अक्षरांच्या पुढे गाडी सरकत नाही. "आमची भाषा नऊशे वर्षांपासून लिहिली जाते," असं ते अभिमानाने म्हणाले आणि चहा प्यायला उठले.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. आपल्याकडे कसं, विवेकसिंधू, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी असे मैलाचे दगड शाळेपासून पाठ असतात. नेवारीचा तसा पहिला मोठा ग्रंथ कोणता? नेटवर शोधलं तर कुठे १११४ साल दिसतं, कुठे ११७३, कुठे १३७४, कुठे १३८०, आणि प्रत्येक ठिकाणी 'सर्वांत जुना' असंच लिहिलेलं. नेमकं काय धरायचं? आणि मराठी येतं, शाळेतलं संस्कृत थोडं उरलंय, एवढ्या भांडवलावर त्यातलं काही वाचता येईल का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रविवारचा उपास

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे: नाही. नेवारी ही तिबेटी-बर्मी कुळातली भाषा आहे. संस्कृत शब्द खच्चून भरलेत म्हणून ओळखीची वाटते, पण सांगाडा पूर्ण वेगळा. बाकी पुष्पिकाताईंची वाट बघा, त्या असल्या धाग्यांवर येतातच.

जुनी पुष्पिका

आले. रविवारचा उपास यांचं 'नाही' जरा घाईचं आहे, त्याकडे शेवटी येते.

नवीन लोकांसाठी: मी पुण्यात एका हस्तलिखित संग्रहात सूचीचं काम करून निवृत्त झाले. नेपाळी पोथ्यांशी गाठ पडली ती एका संस्कृत ग्रंथाच्या पाठभेदांमुळे. त्याच्या जुन्या चांगल्या प्रती आपल्याकडे नव्हत्याच, काठमांडूत होत्या. काम संस्कृतचं, पण समासात, दोन ओळींच्या मध्ये, शेवटच्या पानावर नेवारी भेटायचीच. नाइलाजाने शिकले, नंतर आवडीने शिकले.

घाटपायथा, 'ज्ञानेश्वरी कोणती' हा प्रश्न सोडून द्या. तसा ग्रंथ तिकडे नाही. एका माणसाने देशी भाषेत बोलायचं ठरवलं आणि भाषा एका झेपेत साहित्याला लागली, असं तिथे घडलेलं दिसत नाही. नेवारी कागदावर आली ती व्यवहारातून. (कागदावर म्हणजे ताडपत्रावर. कागद तिथे नंतरचा.) जमीन, धान्य, विहाराचं देणंघेणं, साक्षीदार. ग्रंथ आले मागाहून, आणि तेसुद्धा आधी भाषांतरं आणि टीका. स्वतंत्र गाणी, नाटकं, कथा यांच्या तारखा लागलेल्या प्रती हातात येईपर्यंत सोळावं-सतरावं शतक उजाडतं. त्याआधी लोक गात नव्हते असं कोण म्हणेल? लिहून ठेवण्याच्या लायकीचं कोणाला वाटलं नाही, इतकंच.

म्हणून तुम्हाला सापडलेली चारही सालं खरी आहेत, फक्त प्रत्येक साल वेगळ्या वस्तूचं आहे. १११४ चं ताडपत्र पाटणच्या उकु बहालचं. रुद्रवर्ण महाविहार म्हणतात तोच. तुम्ही पाटणमध्येच राहता, चालत जाल. तारीख लागलेला सर्वांत जुना नेवारी मजकूर तो, आणि तो कोरडा व्यवहारी मजकूर आहे, त्यात काव्यबिव्य शोधू नका. ११७३ हा शिलालेख, काठमांडू खोऱ्याच्या ईशान्य टोकाला साँखूच्या वज्रयोगिनीचा. १३७४ चं 'हरमेखला' हे वैद्यकाचं पुस्तक. याच नावाचा माहुकाचा मूळ ग्रंथ प्राकृतात आहे. आणि १३८० ची 'न्यायविकासिनी' ही नारदस्मृतीवरची नेवारी टीका, म्हणजे कायद्याचं पुस्तक. पहिला कागद, पहिली शिळा, पहिला ग्रंथ, पहिला कायदा. पाटी लावणाऱ्यांना एकच 'पहिला' हवा असतो, त्याला माझा इलाज नाही.

आता हे पाहा, १३७४, १३८० आणि पाठोपाठ अमरकोशावरची नेवारी टीका, सगळं एका पिढीत. औषध, कायदा, शब्दकोश. हा योगायोग नसावा. राजा जयस्थिती मल्लाचा हा काळ. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्या खोऱ्याने काय काय सोसलं होतं: १२५५ चा भूकंप, पश्चिमेकडून खस राजांच्या आणि दक्षिणेकडून तिरहुतच्या, म्हणजे मिथिलेच्या, स्वाऱ्या, १३४९ मध्ये बंगालचा सुलतान शमसुद्दीन इलियास याची लुटालूट. घडी पुन्हा बसवायची तर न्यायनिवाडा करणाऱ्याला नारदस्मृती कळली पाहिजे, आणि त्याचं संस्कृत बेताचं असणार. म्हणून देशी भाषेत टीका. हा माझा तर्क आहे, पण पोथ्या पाहिल्यावर तो पटतो. या टीका पंडितांनी पंडितांसाठी लिहिलेल्या वाटत नाहीत. वाक्यं आखूड, कामापुरती.

संस्कृत पोथ्यांच्या बाबतीत मात्र तो प्रदेश आपल्याला लाजवतो. तिथे ८१० सालचं स्कंदपुराण आहे, ८७८ सालची सुश्रुतसंहिता आहे, दोन्ही ताडपत्रावर. आपल्याकडे चारशे वर्षांची पोथी हाती लागली की आम्ही सूचीकार एकमेकांना फोन करत सुटतो. थंड हवा आणि विहारांनी पिढ्यान् पिढ्या केलेली जपणूक, दोन्हींचं हे फळ. त्याच जपणुकीत नेवारी चिठोरीही टिकली. जमिनीच्या खरेदीखताची ताडपत्राची पट्टी गुंडाळून टोकाला मातीची मुद्रा लावायची पद्धत होती. उकु बहालमधली अशी खरेदी-गहाणाची कागदपत्रं हेमराज शाक्य आणि बर्नहार्ड क्योल्व्हर या दोघांनी १९८५ मध्ये छापून काढली. त्यात सुरुवातीचा साचा संस्कृतात, व्याकरणाचे हातपाय मोडलेलं संस्कृत, आणि खरा मुद्दा आला की लिहिणारा नेवारीत शिरतो. शेताच्या चतुःसीमा खोट्या संस्कृतात लिहून भांडण ओढवून कोण घेणार!

आता मराठी आणि संस्कृतच्या भांडवलाबद्दल. तारीख वाचता येईल. देवाचं, राजाचं, गावाचं नाव वाचता येईल. क्रियापद लागणार नाही, आणि वाक्याचा जीव तिथे असतो. पण एक चोरवाट आहे, अमरकोश. त्याच्या नेवारी प्रतींत संस्कृत शब्द, पुढे नेवारी अर्थ, असं पानामागून पान चालतं. आपल्या आजोबांना अमर पाठ असायचा, तसा तिथल्या पोरांनाही करावा लागे. म्हणून प्रती भरपूर, वेगवेगळ्या शतकांतल्या. कमलप्रकाश मल्ल आणि मंडळींनी २००० साली जुन्या नेवारीचा मोठा कोश काढला तो याच प्रतींवर उभा आहे. त्याआधी १९३६ मध्ये हान्स यर्गन्सेन यांनी कोपनहेगनमधून कोश काढला होता, तो मुख्यतः नंतरच्या कथांच्या पोथ्यांवरचा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की भाषा तीनशे वर्षांत किती सरकली ते दिसतं.

एक सूचना, न मागता. पाटणमध्ये बोलताना भाषेला 'नेपाल भाषा' म्हणा. 'नेवारी' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव पुष्कळांना रुचत नाही. आणि चौदाव्या शतकातल्या त्या टीकांमध्येही भाषेचं नाव नेपाल भाषा असंच आलंय.

घाटपायथा

पुष्पिकाताई, दंडवत. उकु बहालला रोज ऑफिसला जाताना वळसा घालून जातो, आणि मला पत्ता नव्हता!

दोन उपप्रश्न. घरमालकांची घडीची पोथी काय असू शकेल? त्यांना ती वाचता येत नाही. आणि तुम्ही १२५५ चा भूकंप, १३४९ ची स्वारी असं खडाखड सांगितलंत, ते कुठून कळतं?

भवानी पेठेतला

माझाही एक प्रश्न घुसडतो. भक्तपूरला गेलो होतो तेव्हा गाइडने सांगितलं की तिथली तलेजू म्हणजे आपली तुळजाभवानी, कर्नाटवंशी राजा हरिसिंहदेव मुसलमानी आक्रमणापुढे पळताना तिला घेऊन नेपाळात आला आणि त्याने भक्तपूर जिंकलं. सगळ्या ग्रुपने जयजयकार केला. खरं आहे का?

जुनी पुष्पिका

दोघांचं उत्तर एकाच पोथीत आहे, 'गोपालराजवंशावली'. नेवारीतला माझा सर्वांत लाडका मजकूर.

सेसिल बेंडॉल हे केंब्रिजचे गृहस्थ १८९८-९९ च्या हिवाळ्यात काठमांडूच्या दरबार ग्रंथालयात पोथ्या चाळत होते, तेव्हा ही ताडपत्री पोथी त्यांच्या हाती आली. सुरुवातीची पानं हरवलेली. लिपी भुजिमोल, अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघेऐवजी बाकदार आकडा असणारी. पहिला भाग राजांची यादी, मोडक्या संस्कृतात: कोणी किती वर्षं राज्य केलं, कुठे काय दान दिलं. पुढे भाषा बदलते, जुनी नेवारी सुरू होते, आणि लिहिण्याची तऱ्हाही बदलते. संवत, महिना, तिथी, मग एक घटना. पुन्हा संवत, तिथी, घटना. कोण जन्मलं, कोण मेलं, कुठला किल्ला पडला, कोणाला कैद झाली. कौतुक नाही, शोक नाही. १३८९ च्या आसपास नोंदी थांबतात. जयस्थिती मल्लाच्याच अमदानीत हे लिहिलं गेलं, म्हणजे शेवटच्या नोंदी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच्या.

कालगणनेची गंमत सांगते, मराठी माणसाला ती फार सोपी पडते. नेपाळ संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला. नेवार घरांत त्या दिवशी म्ह पूजा असते, घरमालकांकडे बोलावणं आलं तर चुकवू नका. महिनेही आपल्यासारखे अमावास्येला संपतात. उत्तर हिंदुस्थानातल्या पौर्णिमान्त महिन्यांची सवय असलेले लोक वद्य पक्षात हमखास एका महिन्याने घसरतात, आपण घसरत नाही. कार्तिक शुद्धापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तिथी असेल तर संवतात ८७९ मिळवा, जानेवारीपासून पुढची असेल तर ८८०. भूकंपाची नोंद संवत ३७५, आषाढ. म्हणून १२५५. राजा अभयमल्ल त्यानंतर काही दिवसांतच वारला. इलियासच्या स्वारीची नोंद संवत ४७०, मार्गशीर्ष. म्हणून १३४९. त्या वेळी पशुपतीच्या लिंगाचे तीन तुकडे झाले असं ही पोथी सांगते. आणि हा एकट्या पोथीचा शब्द नाही, स्वयंभू स्तूपाच्या जीर्णोद्धाराचा १३७२ चा शिलालेखही याच स्वारीची हकीकत देतो. एवढ्या मोठ्या घटनेचे दोन स्वतंत्र पुरावे, तेही चाळीसेक वर्षांच्या आतले! आपल्या यादवकाळाच्या अखेरीबद्दल असं काही मिळालं असतं तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता भवानी पेठेतला यांची तलेजू.

दिल्लीच्या तुघलकाने सिम्रौनगढ ही हरिसिंहाची राजधानी उद्ध्वस्त केल्यावर हरिसिंह डोंगरात पळाला इथपर्यंत गाइडचं बरोबर. पुढे ही वंशावली काय म्हणते? तो वाटेतच मेला. काठमांडूच्या खोऱ्यात पोचलाच नाही. दोलखाच्या बाजूला त्याच्या मुलाला आणि मंत्र्याला तिथल्या माणसांनी अडकवलं, जवळचं द्रव्य काढून घेतलं. हे १३२६ च्या सुमाराचं. भक्तपूर जिंकणारा, गादी स्थापणारा हरिसिंह येतो तो शेकडो वर्षांनंतर रचलेल्या वंशावळ्यांत. त्यांतली एक १८७७ मध्ये डॅनियल राइट यांच्या नावावर इंग्रजीत छापली गेली, सगळीकडे वाचली गेली, आणि गाइड लोक अजून तीच सांगतात. जुनी, अर्धी हरवलेली, नेवारीतली पोथी बाजूला राहते आणि नवी, गुळगुळीत, भाषांतरित पोथी इतिहास म्हणून मिरवते. याचा मला राग येतो, आणि वयाने तो कमी झालेला नाही.

पण गोष्ट 'खोटी' म्हणून झटकू नका. हरिसिंहाची राणी देवलदेवी भक्तपूरला पोचली, आणि नुसती आश्रित म्हणून राहिली नाही. तिथल्या राजकारणात तिचा शब्द चालू लागला. तिची नात राजल्लदेवी आईवेगळी वाढली, तिला सांभाळलं आजीने. आणि जयस्थिती मल्लाला १३५४ मध्ये भक्तपूरला आणून या राजल्लदेवीशी त्याचं लग्न लावून दिलं तेही देवलदेवीनेच. म्हणजे कर्नाटवंश नेपाळात आला, पण विजयी घोड्यावरून नव्हे, एका विधवा बाईच्या मुत्सद्देगिरीतून. नंतरच्या बखरकारांना हे अडचणीचं वाटलं असावं. पराक्रमी पुरुष पूर्वज लिहायला सोपा.

राहिली देवी. संस्कृत कागदांत तलेजूचं नाव 'तुलजा' असंही लिहिलेलं सापडतं, तेव्हा नावाचं साम्य खरं आहे आणि त्याची चर्चा व्हायला हरकत नाही. पण जयस्थिती मल्लाच्या काळातल्या पुष्पिका, म्हणजे पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाने केलेल्या नोंदी, पाहा. राजाच्या बिरुदावलीत 'मानेश्वरीवरलब्धप्रसाद' येतं. वर देणारी देवी मानेश्वरी. तलेजूचा बोलबाला पुढच्या शतकांत वाढत गेलेला दिसतो. काठमांडूचं तिचं उंच मंदिर महेंद्र मल्लाने बांधलं ते १५६४ मध्ये. तुळजापूरहून कोणी मूर्ती घेऊन गेलं असं सांगणारा जुना नेवारी मजकूर माझ्या पाहण्यात नाही. जयजयकार करायला माझी ना नाही, त्याला पुरावा लागत नाही.

घाटपायथा, तुमच्या घरमालकांची पोथी ती थ्यासफू. अशा घडीच्या पोथीत काहीही असू शकतं: स्तोत्रं, पूजाविधी, विहारात गातात ती चचा गीतं, औषधाचे नुस्खे, नाहीतर रोजनिशी. शेवटचा प्रकार निघाला तर लॉटरी. सतराव्या-अठराव्या शतकातल्या थ्यासफूंत कोणी, किती वाजता, कुठला उत्सव, कोणत्या राजाने काय केलं, असं बारीकसारीक टिपून ठेवलेलं असतं आणि इतिहासकार त्यावर तुटून पडतात. मात्र तांत्रिक विधी असेल तर तो दीक्षा नसलेल्याला दाखवायचा नसतो. त्यांनी पानं उलटताना मध्येच हात थांबवला तर समजून घ्या, मोबाइल काढू नका. आणि कागद पिवळाधमक असेल तर हाताळल्यावर हात धुवा. ती हरताळ आहे, म्हणजे सोमलाचाच भाऊबंद. किडीपासून बचाव व्हावा म्हणून कागदाला चोपडायचे. चुकलेलं अक्षर झाकायलाही तीच वापरायचे, हरताळ फासणं हे आपणही तिथूनच उचललंय.

कुंद हवा

हॅम्बर्गहून लिहितो आहे. इथे शिकत असताना या पोथ्यांच्या मायक्रोफिल्म पाहत बसायचो, म्हणून थोडी भर.

नेपाळ आणि जर्मनी यांचा मिळून हस्तलिखित संरक्षणाचा प्रकल्प १९७० ते २००१ चालला. राष्ट्रीय अभिलेखालय, केसर ग्रंथालय, विहार, खासगी घरं, सगळीकडे जाऊन सुमारे १ लाख ८० हजार पोथ्यांचं चित्रण केलं. एक प्रत काठमांडूत, एक बर्लिनच्या ग्रंथालयात. पुढे इथल्या विद्यापीठात सूचीचा प्रकल्प झाला, ती सूची नेटवर फुकट शोधता येते. पोथीचं नाव, लिपी, ताडपत्र की कागद, पानं किती, नेपाळ संवतातली तारीख, रिळाचा क्रमांक असं सगळं मिळतं. घाटपायथा, तुम्ही नुसतं 'अमरकोश' टाकून बघा, यादी संपता संपत नाही.

फिल्मचा एक तोटा सांगतो. सगळं कृष्णधवल. पुष्पिकाताई म्हणतात ती हरताळ फिल्मवर नुसता पुसट डाग म्हणून दिसते, आणि निळ्याकाळ्या कागदावर सोन्याच्या शाईने लिहिलेली पोथी बघून तर काही अंदाजच येत नाही. तुम्ही तिथे आहात तर प्रत्यक्ष बघा. काठमांडूत कुलांभुलूला आशा सफूकुथी आहे. प्रेमबहादुर कंसाकार यांनी आयुष्यभर जमवलेल्या पोथ्यांतून ते उभं राहिलं, नाव त्यांच्या वडिलांचं. राणा राजवटीत नेपाल भाषेत लिहिलं म्हणून लोक तुरुंगात गेले, हे लक्षात घेतलं तर एका माणसाने घरोघर फिरून पोथ्या का गोळा केल्या ते कळतं.

आणि लिपी शिकायची तर 'प्रचलित' नावाच्या लिपीपासून सुरुवात करा, रंजना ही दुसरी लिपी दिसायला देखणी असली तरी. प्रचलित लिपी २०१६ मध्ये 'नेवा' या नावाने युनिकोडमध्ये आली आहे, फॉन्ट मिळतात. देवनागरी येणाऱ्याला अक्षरं पटापट लागतात. भुजिमोल नंतर.

जुनी पुष्पिका

कुंद हवा यांच्याशी सहमत, फक्त एक जोड. पोथी पहिल्या पानापासून वाचू नका, शेवटच्या पानापासून वाचा. माझं टोपणनाव त्याचंच. शेवटी 'श्रेयोऽस्तु, सम्वत्' असं सुरू होतं, मग मास, तिथी, नक्षत्र, वार, राजाचं नाव, कोणी कोणासाठी लिहिलं. हा भाग बहुतेक संस्कृतात, म्हणजे तुमच्या आवाक्यातला. लुचानो पेतेक या इटालियन पंडितांनी १९५८ मध्ये नेपाळच्या मध्ययुगीन राजांचा क्रम बसवला तो मुख्यतः असल्या पुष्पिकांवरून. तिथी, नक्षत्र आणि वार जुळतात का ते गणिताने तपासायचं, जुळले तर राजा त्या दिवशी गादीवर होता हे पक्कं. राजदरबारी कवीने काय लिहिलं याची गरजच नाही. कुठल्याशा गल्लीतल्या लेखनिकाने पोथी संपवली आणि त्या दिवशी राज्य कोणाचं ते सवयीने टाकलं, एवढ्यावर इतिहास उभा राहतो.

लेखनिकांचे श्लोकही तिथेच भेटतील. 'उदकानलचौरेभ्यो मूषकेभ्यस्तथैव च, रक्षितव्यं प्रयत्नेन मया कष्टेन लेखितम्' हा तिकडचा आवडता. पाणी, आग, चोर आणि उंदीर यांपासून सांभाळा, फार कष्टाने लिहिलंय. आपल्या पोथ्यांत 'भग्नपृष्ठकटिग्रीव' असं पाठ-कंबर-मान मोडल्याचं रडगाणं असतं, त्याच जातीचं. ते वाचून मला नेहमी बरं वाटायचं, दुपारी तीननंतर तर फारच.

झाडीपट्टी

सगळा धागा वाचला, पण साहित्य कुठाय हो? खरेदीखतं, भूकंप, उंदीर! मल्ल राजे नाटकं लिहायचे असं ऐकलंय. आमच्याकडे रात्रभर नाटक चालतं म्हणून मला त्यातच रस.

जुनी पुष्पिका

वाजवी तक्रार. नाटकं आहेत, भरपूर आहेत, फक्त 'आरंभीचं' साहित्य विचारलं म्हणून मी तिथवर गेले नाही. मध्ये कथा येतात: 'तंत्राख्यान' हे पंचतंत्राच्या घराण्यातलं पुस्तक, त्याची नेवारी प्रत १५१८ ची. मग हितोपदेश, वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी, म्हणजे आपल्या आज्यांना ठाऊक असलेलाच माल. स्वस्थानीची व्रतकथा तर आजही पौष पौर्णिमेपासून महिनाभर घरोघर वाचतात, घाटपायथा यांनी हिवाळ्यात कान उघडे ठेवावेत.

नाटकांचा बहर सतराव्या शतकापासून. भक्तपूरचे जगत्प्रकाश, जितामित्र, भूपतींद्र, शेवटचा रणजित, सगळ्यांच्या नावावर नाटकं आहेत. राजांनी स्वतः किती लिहिलं आणि पदरच्या पंडितांनी किती, हा प्रश्न कुठल्याही दरबाराला विचारावा तसा इथेही विचारावा. पण रचना गमतीची आहे. गाणी मैथिलीत किंवा बंगालीच्या वळणाच्या भाषेत, कारण मिथिलेच्या पदांची तेव्हा प्रतिष्ठा होती. नांदी संस्कृतात. आणि 'अमुक आत येतो, तमुक रागावून जातो' या सूचना नेवारीत, कारण नाचणारे, वाजवणारे, पडदा सांभाळणारे सगळे नेवार! त्यामुळे भाषेच्या अभ्यासकाला त्या सूचना सोन्यासारख्या. तेव्हाची कामकाजाची नेवारी कशी होती ते तिथे सापडतं. त्यातलं 'हरिश्चंद्रनृत्य' १८९१ मध्येच लाइपझिगला छापलं गेलं, आउगुस्ट कॉनराडी यांनी. भक्तपूरला ही नाटकं रचली जात होती त्याच सुमाराला तंजावरचे आपले शहाजीराजे पाच भाषांचं 'पंचभाषाविलास' रचत होते, म्हणजे जितामित्र आणि भूपतींद्र यांचे ते समकालीनच. दोन टोकांचे दोन दरबार, एकमेकांची वार्ता नसताना, रंगमंचावर तीच भेळ कालवत होते. एवढ्या भाषा कळणारा प्रेक्षक मिळतो कुठून, हा प्रश्न मला दोन्हीकडे पडतो.

बघायचं असेल तर कार्तिकात पाटणच्या दरबार चौकात कार्तिक नाच असतो. सिद्धिनरसिंह मल्लाने सतराव्या शतकात सुरू केला असं मानतात. नृसिंह-हिरण्यकशिपूचा खेळ त्यात असतो. झाडीपट्टी, तुम्ही तो पाहाच, दशावतार पाहिलेल्या कोणालाही तिथे परकं वाटणार नाही.

गाण्यांच्या मैथिलीबद्दल मी बोलत नाही, मला ती येत नाही. इथे कोणी दरभंगा-मधुबनीकडे राहिलेलं, मैथिली कळणारं असेल तर त्यांनी वेगळा धागा काढावा. माझ्याकडे भूपतींद्राच्या काही पदांच्या नकला आहेत, त्या टंकून देईन.

घाटपायथा

मधुबनीचा एक सहकारी आहे ऑफिसात. उद्या जेवणाच्या सुट्टीत त्याला पकडतो. ताई, पदं टाका.